दोऱ्यानं मोजलेला रस्ता

मीटरवर अठरा किलोमीटर झाले, पण दीपगृह आलं नाही. तशी बाब क्षुल्लक. सकाळी साडेआठची वेळ, डाव्या खिडकीत समुद्र, रस्त्याकडेला माडांची न संपणारी रांग, आणि सहलीला आलेल्या कुठल्याही शहाण्या बाईनं बाहेर बघावं की नाही? मी मीटर बघत होते. माझ्या मांडीवर पुस्तक उघडं होतं, अठ्ठावीस वर्षांपूर्वीची पहिली आवृत्ती, आणि त्यात छापलं होतं, ‘धक्क्यापासून १८ कि.मी.वर दीपगृह.’ निघताना मी ड्रायव्हरला मीटर शून्यावर आणायला लावलं, तेव्हा तो हसला होता. “बाई, गाडी दिवसाची ठरलीय, किलोमीटरची नाही. घाबरू नका.” घाबरण्याचा प्रश्न नव्हता, ती सवय होती. चाळीस वर्षं मी रस्त्यांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासली. छापलेला आकडा दिसला की तो खरा आहे का हे बघितल्याशिवाय मला पुढची ओळ वाचता येत नाही. चूक दिसली की डोळ्यांत खडा गेल्यासारखं होतं. एकोणीस झाले, वीस झाले. रस्ता डोंगराच्या पायथ्याशी वळणं घेत होता, आत जायचा, बाहेर यायचा, पुन्हा आत जायचा. तेवीसचा आकडा आला आणि तेव्हा कुठे कड्यावर पांढरा बुरूज दिसला. “दीपगृह सरकलं की काय हो?” मी म्हटलं. “त्याला पाय फुटले असते तर आम्हीच त्याला टॅक्सीत घालून फिरवलं असतं,” ड्रायव्हर म्हणाला. माझ्या शेजारी बसलेले आमचे हे हसले नाहीत. “नवा रस्ता केला असेल,” ते म्हणाले, “लांबून काढला असेल.” “नवा कसला साहेब! माझे वडील याच रस्त्यावर बस चालवायचे. डांबर बदललं, वळणं तीच.” मी पेन्सिल काढली आणि समासात अठराच्या बाजूला तेवीस लिहिलं.

हे पुस्तक यांनीच लिहिलेलं. म्हणजे त्यातलं बेटाचं प्रकरण यांचं. आमच्या कचेरीत दोन जाती होत्या, फिरते आणि बसते. फिरते गाडी घेऊन महिना महिना रस्ते मोजत हिंडायचे, कुठे चढ आहे, कुठे पाणी मिळतं, कुठे मुक्काम करावा ते लिहून आणायचे. आम्ही बसते ते वाचायचो, तपासायचो, छापायला पाठवायचो. हे फिरते, मी बसती. लग्न ठरलं तेव्हा कचेरीतले म्हणाले होते, बरं झालं, एकानं चुका करायच्या आणि एकीनं काढायच्या. पण यांच्या लिखाणात चुका नसायच्याच. मला कामाला लागून महिना झाला नव्हता तेव्हा यांनीच मला शिकवलं होतं, की मोजणी मीटरवरून करायची, नकाशावरून नाही. आळशी माणूस नकाशावर रस्त्याच्या रेघेवर दोरा लावतो आणि तो पट्टीवर धरतो. सरळ रस्त्यावर दोरा खरं बोलतो. वळणांच्या रस्त्यावर खोटं बोलतो, कारण नकाशा काढणाऱ्यानंच बारकी वळणं गाळलेली असतात. “दोऱ्याचा रस्ता घाटात आखूड निघतो,” हे म्हणाले होते, “नेहमी आखूडच, कधी लांब नाही. एवढं लक्षात ठेवलंस तर कुणी तुझ्या डोळ्यांत धूळ फेकू शकणार नाही.” मी लक्षात ठेवलं. एका वरिष्ठ फिरत्याचं अख्खं प्रकरण मी त्या एका खुणेवरून परत पाठवलं होतं. कचेरीत केवढा गहजब झाला होता तेव्हा, आणि यांना माझा केवढा अभिमान वाटला होता!

ही सहल टिकलीची भेट. टिकली म्हणजे आमची मुलगी, तिचं हे नाव यांनीच ठेवलेलं, आता बत्तीस वर्षांची आहे तरी सुटत नाही. मी निवृत्त झाले तशी तिनं आमच्यासमोर तिकिटं ठेवली. “आई, बाबा तिकडे अडकले होते ना, तो रस्ता तू एकदा बघ. दोघं मिळून बघा. सकाळी धक्क्यावरून निघायचं, सगळा किनारा फिरून संध्याकाळी धक्क्यावर परत.” मला भरून आलं. हे म्हणाले, गुडघे दुखतात. मग म्हणाले, बोट लागते. मग म्हणाले, बेट काय पळून चाललंय का, पुढच्या वर्षी बघू. टिकली त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही रस्ते मोजणारे आणि गुडघ्यांची सबब सांगता? मी या पायानं सगळीकडे जाते.” हे तयार झाले. तिचा डावा पाय दीड इंच आखूड आहे. त्या पायातल्या बुटाला जाड तळवा लावावा लागतो. चालताना ती किंचित झुकते, अनोळखी माणसाला वाटावं ही काहीतरी ऐकायला वाकली.

एकतीसवर मासळीबाजार लिहिला होता, तो छत्तीसवर आला. म्हणजे दीपगृहापासून पुस्तकात तेरा आणि मीटरवरही तेराच. हा पट्टा अगदी सरळ होता, वाळूच्या पुळणीला लागून, पट्टीनं आखल्यासारखा. मी आकडा लिहिला आणि एक शंका डोकावली. तिला मी नाव दिलं नाही. माणूस स्वतःशी केवढी चलाखी करतो! मी मनात म्हटलं, धक्का पूर्वी अलीकडे असेल, पाच किलोमीटरचा फरक सुरुवातीचाच असेल. मी बाहेर पाहिलं. पाणी इतकं हिरवं होतं की खोटं वाटावं. बाया उन्हात जाळी पसरत होत्या. याच इथे, मला वाटायचं, मोजणीला आले तेव्हा ते उभे असतील. अठ्ठावीस वर्षं मी हा किनारा डोक्यात बाळगला होता, न बघता. पहिल्या दिवशी चार वर्षांच्या टिकलीला ताप चढला तेव्हा ते इथे मासळीबाजारापाशी असतील. तिसऱ्या दिवशी मी तिला रिक्षात घालून इस्पितळात नेलं तेव्हा ते घाटात असतील. सहाव्या दिवशी, सातव्या दिवशी. त्यांना काही माहीत नाही, ते वाऱ्यात उभे राहून वहीत टिपणं करतायत, आणि इकडे आपण. त्या माहीत नसण्याचीच मला दया यायची. वादळामुळे बेटाचे फोन बंद होते. मी कचेरीत निरोप देत होते, कचेरी म्हणत होती प्रयत्न चालू आहेत. सातव्या दिवशी सकाळी डॉक्टर कागद घेऊन आले. खुब्याच्या सांध्यात पू झाला होता. ते म्हणाले, आता उघडलं तर पाय आखूड राहण्याची शक्यता आहे. दोन दिवस औषधांवर थांबलो तर कदाचित पाय वाचेल, कदाचित विष रक्तात जाईल. तुम्ही ठरवा. वडील कुठे आहेत? मी म्हटलं, बेटावर. त्यांनी घड्याळ बघितलं. मी त्या कागदावर सही केली. माझं अक्षर इतकं सुबक असायचं, त्या दिवशीची सही बँकेनं नाकारली असती.

घाट सुरू झाला. ड्रायव्हर बोलत होता, या वळणावर लोक फोटो काढतात, त्या वळणावर उलट्या. मी मोजत होते. वळणामागून वळण, खाली फेस, वर दगड, आणि माझ्या शेजारी हे, हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून. झोपलेले नव्हते. सदतीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपले त्या माणसाची झोप मला कळते. पुस्तकात बाजारापासून खिंडीपर्यंत नऊ किलोमीटर. मीटरवर सोळा झाले. खिंडीतून खाली उतरल्यावर नदीच्या मुखापर्यंत पुन्हा सपाट सरळ रस्ता, पुस्तकात सात, मीटरवर सात. मी पेन्सिल ठेवली. आता मोजण्यासारखं काही राहिलं नव्हतं. सरळ होतं तिथे बरोबर, वळणं होती तिथे आखूड. नेहमी आखूडच, कधी लांब नाही.

मला पहिल्यांदा काय आठवलं असेल? सही नाही, इस्पितळ नाही. स्वयंपाकघरातलं टेबल आठवलं. हे परत आले त्यानंतर पंधरा दिवसांनी प्रकरणाची मुद्रितं आली होती. टिकली आतल्या खोलीत प्लास्टरमध्ये निजलेली. आम्ही मुद्रितं नेहमी जोडीनं तपासायचो, यांनी हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि मी छापलेल्यावर पेन्सिल फिरवत जायचं. त्यांचा आवाज चांगला होता. “दीपगृहापाशी थांबावे, पूर्णविराम. येथे वारा फार, स्वल्पविराम, टोपी सांभाळावी, पूर्णविराम.” त्या टोपीपाशी मला रडू फुटलं. त्यांना त्या वाऱ्यात टोपी धरून उभं राहिलेलं मी बघितलं आणि माझ्यानं राहवलं नाही. माझी पेन्सिल थांबली. ते वाचायचे थांबले. माझ्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ बसले, आणि मग पुढे वाचू लागले, “परिच्छेद.” मला वाटलं होतं, या घरात आता काही वाईट शिरू शकणार नाही. त्यांनी टिकलीसाठी बेटावरून शंख आणला होता, मुठीएवढा, आतून गुलाबी. ती तो कानाला लावून समुद्र ऐकायची. पुढे नणंद आल्या आणि माझ्या तोंडावर म्हणाल्या, “दोन दिवस कळ काढली असतीस तर पोरीचा पाय राहिला असता.” हे ताडकन उठले. “ती एकटी होती, ताई. मी असतो तर मीही हेच केलं असतं.” मी असतो तर. त्या तीन शब्दांवर मी किती वर्षं काढली! आणि टिकली चौदाची असताना, शाळेच्या धावण्याच्या शर्यतीवरून रडत घरी आली ती माझ्यावरच उखडली. “सही तू केलीस ना? तूच केलीस ना?” महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी बाबांच्या कुशीत शिरायची, आणि ते तिला समजवायचे, “आईवर रागवू नये, बेटा, तिला जे सुचलं ते तिनं केलं.” मी दाराआडून ऐकायची आणि त्या माणसाच्या मोठेपणानं माझा जीव लहान व्हायचा.

नदीच्या मुखापाशी गाडी थांबली. नदी तिथे तपकिरी होती आणि समुद्र निळा, आणि दोन्ही पाणी एकमेकांत न मिसळता बराच वेळ शेजारी शेजारी वाहत होती. ड्रायव्हर म्हणाला, निम्मं बेट झालं, इथून पुढे गेलात काय नि मागे गेलात काय, धक्का सारखाच लांब. तो चहाच्या टपरीकडे गेला. गाडीत उकडत होतं. मी पुस्तक यांच्या मांडीवर ठेवलं. समासातले माझे आकडे त्यांनी बघितले, एकेका आकड्यावर बोट ठेवून, जसं आम्ही पूर्वी मिळून बघायचो तसं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मला त्यांच्या चेहऱ्यावर ते चांदणं दिसेल असं वाटलं होतं. दिसला तो नुसता थकवा.

“दोऱ्यानं मोजलंत ना?” मी विचारलं.

“हो.”

“कुठे बसून?”

“छापखान्याच्या माडीवर.”

छापखाना इस्पितळापासून तीन गल्ल्या सोडून होता. तिथल्या यंत्रांचा ठोका वॉर्डाच्या खिडकीत ऐकू यायचा. मी रात्री त्या ठोक्यावर टिकलीला थोपटायची. छापखान्याचे फोरमन आठव्या दिवशी थर्मासमधून चहा घेऊन आले होते. मी त्यांना विचारलं होतं, “आमचे हे कुठे असतील हो?” त्यांनी चहा कपात ओतला, थोडा बशीत सांडला, आणि म्हणाले, येतील, येतील. माझ्याकडे बघितलं नाही. भला माणूस, मला वाटलं होतं, दुसऱ्याचं दुःख बघवत नाही त्याला. मी बेटाला निरोपावर निरोप पाठवत होते, आणि काखेत कळसा गावाला वळसा.

“बोटच सुटली नाही,” हे म्हणाले. समोरच्या काचेकडे बघत बोलत होते. “समुद्र खवळलेला. पाच दिवस बंदरावर बसलो. मग शेजाऱ्यांकडे फोन केला, तेव्हा कळलं. तसाच निघालो. सकाळी इस्पितळात पोचलो.”

“कुठल्या सकाळी?”

त्यांनी पुस्तक मिटलं. “त्याच. जिन्यावरून वर आलो. वॉर्डाचं दार उघडं होतं. डॉक्टर तुझ्यासमोर कागद धरून उभे होते. मला ऐकू येत होतं सगळं. ते म्हणत होते, वडील कुठे आहेत.”

“आणि?”

“माझ्यानं पाय उचलवेना. मी आत आलो असतो तर ठरवायला लागलं असतं. मी थांबा म्हटलं असतं आणि ती गेली असती तर? मी कापा म्हटलं असतं आणि...” ते थांबले. “तुला ठरवता येईल हे मला माहीत होतं. तू चुकत नाहीस कधी.”

बाहेर कुणीतरी होडी ओढत होतं, चार माणसं, एकाच लयीत हाका देत. मला त्या हाका अगदी स्पष्ट ऐकू येत होत्या. मला राग आला नाही, म्हणजे जो यायला हवा होता तो आला नाही. मला शिसारी आली, आणि ती मुख्यतः माझ्या त्या अठ्ठावीस वर्षांच्या कृतज्ञतेची. दार उघडं होतं. मी मान वळवली असती तर ते दिसले असते. मी डॉक्टरांना ‘बेटावर’ म्हटलं ते त्यांनी दहा पावलांवरून ऐकलं. ते ऐकून जिना उतरून गेले, आणि जिथे ते आहेत असं मी म्हणत होते तिथेच आपण असल्याचं पुढे सोळा पानं लिहून काढलं, टोपी सांभाळावी म्हणून लिहिलं, आणि माझ्याकडून ते तपासून घेतलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच असेल. सुरी असती तर निदान माझ्या लक्षात आलं असतं.

“शंख?” मी विचारलं.

“बंदरावरच्या दुकानातला.”

मग ते माझ्याकडे वळले आणि जे म्हणाले त्याची माझी काही तयारी नव्हती. “मला वाटलं, तुला माहीत होतं.”

“काय?”

“मुद्रितं वाचताना. दीपगृहापाशी तू थांबलीस. पेन्सिल थांबली तुझी, डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, हिला दोरा दिसला. हिला न दिसता कसं राहील? मी वाट बघत होतो, आता बोलशील, आता बोलशील. तू बोलली नाहीस. पुढच्या ओळीला लागलीस. मी म्हटलं, हिनं माफ केलं. न बोलता माफ केलं.” त्यांनी मिटलेल्या पुस्तकावर हात ठेवला. “त्याच्यावरच तर जगलो मी.”

म्हणजे असं होतं तर. आम्ही एकाच टेबलाशी बसून, एकच ओळ वाचून, एकमेकांना केवढं काय काय देऊन बसलो होतो! मी त्यांना वाऱ्यात उभं केलं होतं आणि त्यांनी मला क्षमाशील करून टाकलं होतं. अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी मी त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि त्यांनी त्यात माझी माफी बघितली. तो नुसता चहा होता. त्यांच्या डोळ्यांत आता म्हाताऱ्या माणसाचं पाणी होतं, आणि मला वाटलं होतं ते बघून काही होईल. झालं नाही.

“मला माहीत नव्हतं,” मी म्हटलं. “माफ करायचं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही. आज नाही ठरवणार.”

त्यांनी माझ्या हाताकडे हात आणला आणि मध्येच सीटवर ठेवून दिला.

तेवढ्यात फोन वाजला. टिकलीचा. दुपारी जेवायला कुठे थांबणार ते विचारायला फोन करणार म्हणालीच होती. मी उचलला. “आई! कसं आहे गं? सगळं बाबांनी लिहिलंय तसंच आहे का? मला दीपगृहाचा फोटो हवाय.” मागे तिच्या कचेरीतला गलका ऐकू येत होता. ती चालत असावी. तिच्या जाड तळव्याचा बूट फरशीवर वाजतो तो आवाज मला फोनवरही कळतो. माझ्या तोंडाशी शब्द आले होते. दोन वाक्यांत संपलं असतं. तुझ्या बाबांनी हे बेट आज पहिल्यांदा बघितलं, आणि त्या दिवशी ते दारात उभे होते. किंवा एका शब्दात, हो. हो म्हटलं की संध्याकाळपर्यंत निळं पाणी बघत गाडीतून फिरायचं, आणि मग उरलेला जन्मही तसाच. दोन्ही मला येत होतं. सांगितलं तर तिचे बाबा जातील, नाही सांगितलं तर ती सही माझी एकटीचीच राहील. मी ठरवू शकले असते. मी चुकत नाही कधी.

“थांब हं,” मी तिला म्हटलं, “बाबांना विचार. त्यांना नीट सांगता येईल.” आणि फोन त्यांच्या हातात दिला.

त्यांनी फोन कानाला लावला नाही. तो उताण्या तळव्यावर धरून ते माझ्याकडे बघत राहिले. आतून टिकलीचा बारीक आवाज येत होता, “बाबा? हॅलो, बाबा?” त्यांनी ओठांनीच विचारलं, “काय सांगू?”

मी गाडीचं दार उघडलं, खाली उतरले, आणि दार लावून घेतलं. बाहेर ऊन रणरणत होतं. मी चहाच्या टपरीपर्यंत चालत गेले. मागे वळून पाहिलं नाही. ड्रायव्हरनं कप ठेवला आणि तोंड पुसत विचारलं, “निघायचं का, बाई? साहेब एकटेच बसलेत आत.”

“बसू दे,” मी म्हटलं. “त्यांना जरा ठरवायचं आहे.”